वाटेकरी की सोबती? : लंडनचे गोदीकामगार आणि निर्वासित

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या सभागृहात गोदीकामगारांचा आणि निर्वासितांचा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर हकिकतीच्या ओघातच मिळावे. आरंभी एवढेच सांगणे पुरे, की ज्यांची ही हकिकत आहे त्या माणसांनीही परक्या शहरात आपल्या भाषेचे वाचनालय चालवले होते. बडोद्यासारख्या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या मराठी ग्रंथ जपणाऱ्या वाचकांना त्या वाचनालयाचे मोल निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्याच्या हाताला पोटापुरतेच काम आहे, त्याला दारात आलेला दुसरा भुकेला माणूस प्रथम वाटेकरी दिसतो. यात क्षुद्रपणा नाही. तो दारिद्र्याचा हिशेब आहे. कामगार संघटना जन्माला येते तीच मुळी मजुरीचा दर टिकवण्यासाठी. कमी दरात राबायला तयार असलेला परका माणूस हा तिच्या दृष्टीने मालकाच्या हातातले हत्यार. म्हणून एखादी संघटना निर्वासितांच्या बाजूने रस्त्यावर उतरते तेव्हा तिला आधी स्वतःच्या भयाशी झुंजावे लागते. ही झुंज लंडनच्या पूर्व भागात, म्हणजे ईस्ट एंडमध्ये, सुमारे नव्वद वर्षे चालली. तीत जय आहे, पराजय आहे, आणि लाजिरवाणी माघारही आहे.

ईस्ट एंडला परक्यांची सवय जुनी. ब्रिक लेनवर १७४३ मध्ये बांधलेली एक इमारत आजही उभी आहे. फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या ह्यूगनो प्रॉटेस्टंटांनी ती प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. पुढे ती मेथॉडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून तेथे बांगलादेशी मुसलमानांची मशीद आहे. इंग्रजीत ‘रेफ्यूजी’ हा शब्द रूढ झाला तो याच ह्यूगनो रेशीमविणकरांमुळे.

१८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि तिचे निमित्त करून दक्षिण रशियात ज्यूंवर हल्ल्यांची लाट उसळली. ‘पोग्रोम’ हा रशियन शब्द त्यानंतर जगाला ठाऊक झाला. १८८२ च्या निर्बंधांनी ज्यूंना खेड्यांत नव्याने वस्ती करण्यास मनाई केली. तेव्हापासून १९१४ पर्यंत वीस लाखांहून अधिक ज्यूंनी पूर्व युरोप सोडला. बहुतेक अमेरिकेला गेले. सव्वा ते दीड लाख ब्रिटनमध्ये राहिले, आणि त्यांतले पुष्कळसे लंडनच्या व्हाइटचॅपल आणि स्टेपनी या भागांत.

या लोकांची भाषा यिडिश. तिचा सांगाडा जर्मन, लिपी हिब्रू, आणि शब्दांत स्लाव्ह भाषांची भर. हातात कसब होते ते शिंपीकामाचे, जोडे शिवण्याचे, नाहीतर सुतारकामाचे. मोठ्या दुकानदाराने ठेकेदाराला काम द्यायचे, त्याने ते पोटठेकेदाराला, आणि शेवटी एका कोंदट खोलीत दहाबारा माणसांनी चौदा-सोळा तास शिलाई-इस्त्री करायची, अशी रीत होती. तिला इंग्रजीत ‘स्वेटिंग’ म्हणत. घाम गाळून घेण्याची पद्धत. नवा आलेला माणूस भाषा न जाणणारा, भाड्याच्या चिंतेतला; तो सांगेल त्या दराला बसे. शेजारच्या इंग्रज कामगाराला ठेकेदारांची ही साखळी दिसत नसे. त्याला दिसे तो खिडकीत वाकून शिवणारा परका माणूस.

१८८९ चा ऑगस्ट महिना इंग्लंडच्या कामगार चळवळीत प्रसिद्ध आहे. तासाला ६ पेन्स मिळावेत या मागणीसाठी लंडनच्या गोदीकामगारांनी संप पुकारला. बेन टिलेट, टॉम मान आणि जॉन बर्न्स हे त्यांचे पुढारी. रोज सकाळी गोदीच्या दारात जमावे आणि मुकादमाची नजर आपल्यावर पडावी म्हणून धक्काबुक्की करावी, अशी ज्यांची गत, ती माणसे पाच आठवडे टिकून राहिली. ऑस्ट्रेलियातील कामगारांनी आणि सहानुभूतिदारांनी ३०,००० पौंडांहून अधिक मदत धाडली. संप यशस्वी झाला.

त्याच महिन्याच्या अखेरीस ज्यू शिंपीही संपावर गेले. त्यांची मागणी ऐकली म्हणजे त्यांचे नित्याचे जिणे कसे असेल याची कल्पना येते. कामाचा दिवस बारा तासांचा असावा आणि त्यातच जेवणाला एक तास व चहाला अर्धा तास मिळावा, एवढेच ते मागत होते. सुमारे दहा हजार माणसे बाहेर पडली. निर्वासित माणूस संघटित होत नाही, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. संप लांबला आणि घरोघरी चुली थंड पडू लागल्या, तेव्हा गोदीकामगारांच्या संपनिधीतून शिंप्यांना १०० पौंड आले. रक्कम मोठी नव्हती. पण ज्या गोदीत उतरून हे परके शहरात आले, त्याच गोदीतल्या हमालांनी ती दिली होती. ऑक्टोबरच्या आरंभी तडजोड होऊन मालकांनी मागण्या मान्य केल्या. त्या पाळल्या जाव्यात म्हणून पुढे वारंवार भांडावे लागले, हा भाग वेगळा.

येथून पुढे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. खुद्द टिलेट यांची भूमिका दुहेरी होती. तुम्ही आमचे बंधू आहात, तुमच्याविषयीचे कर्तव्य आम्ही करू, पण तुम्ही आला नसता तर बरे झाले असते, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जातात. बहुसंख्य कामगारांच्या मनातलेच हे बोल. ट्रेड्स युनियन काँग्रेस म्हणजे कामगार संघटनांची मध्यवर्ती परिषद. तिने १८९२ मध्ये आणि पुन्हा १८९४ व १८९५ मध्ये परकीयांच्या आगमनावर निर्बंध घालावेत असे ठराव केले.

१८९५ च्या कार्डिफ येथील ठरावाला ज्यू कामगार संघटनांनी उत्तर दिले, ते एका छोट्या पुस्तिकेच्या रूपाने. ‘अ व्हॉइस फ्रॉम द एलियन्स’ हे तिचे नाव; परक्यांचा आवाज. तीत याचना नाही. तिचा युक्तिवाद असा, की ज्या धंद्यांत एकही ज्यू नाही तेथेही मजुरी हलाखीचीच आहे. मग दोष परक्याचा कसा? शिंपीकामात आलेल्यांनी नव्या प्रकारच्या कपड्यांचा धंदा उभा केला आणि त्यात इंग्रजांनाही काम मिळाले. शिवाय इंग्रज कामगार स्वतः लाखांनी अमेरिकेत आणि वसाहतींत जातो. तेथे तो परकाच असतो. या पुस्तिकेमागे वुल्फ वेस, जोसेफ फिन यांच्यासारखे कार्यकर्ते होते. परिषदेच्या ठरावाने दुखावून ते संघटनेबाहेर गेले नाहीत. घरातल्या माणसाने घरातल्यांशी भांडावे तसे ते भांडले.

त्यांना साथ देणारेही होते. कार्ल मार्क्स यांची कन्या एलिनोर यांनी ईस्ट एंडमधील कामासाठी यिडिश शिकून घेतली. नोव्हेंबर १८९० मध्ये रशियातील छळाच्या निषेधार्थ कामगारांची सभा व्हायची होती; ठरलेले सभागृह ऐन वेळी नाकारले गेले. मग माइल एंडच्या मोकळ्या जागेवर ती सभा भरली आणि तीत एलिनोर बोलल्या. छळामुळे देश सोडणाऱ्यांच्या बाजूने कामगारांनी भरवलेल्या आरंभीच्या सभांत तिची गणना करावी लागेल.

विरोधाची धारही वाढत होती. १९०१ मध्ये ‘ब्रिटिश ब्रदर्स लीग’ ही संघटना ईस्ट एंडमध्येच निघाली आणि तिच्या सभांना कामगारांची गर्दी होऊ लागली. १९०५ मध्ये परकीयांविषयीचा कायदा संमत झाला. कीर हार्डी यांच्यासारख्या मजूर पुढाऱ्यांनी त्याला विरोध केला, पण तो टिकला नाही. निर्धन आणि ‘अनिष्ट’ परकीयांना बंदरातूनच परत धाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मात्र याच कायद्यात एक कलम असे होते, की धार्मिक किंवा राजकीय कारणांवरून होणारा छळ चुकवण्यासाठी आलेल्या माणसाला केवळ तो निर्धन आहे म्हणून प्रवेश नाकारू नये. दार लावून घेणाऱ्या कायद्यातच आश्रयाच्या हक्काची एक फट राहिली.

आता वाचनालयाकडे वळू. रूडॉल्फ रॉकर हा जर्मनीतील माइन्त्स गावचा पुस्तकबांधणी कारागीर. जन्म १८७३ चा. धर्माने ज्यू नव्हे. राजकीय मतांमुळे देश सोडून तो १८९५ मध्ये लंडनला आला. तेथे जर्मन कामगारांच्या एका मंडळात त्याने काही काळ ग्रंथपालाचे काम केले. युक्रेनमधून आलेल्या मिली विटकॉप या ज्यू शिवणकामगार स्त्रीशी त्याचे सहजीवन सुरू झाले. पुढे त्याने यिडिश आत्मसात केली आणि १८९८ मध्ये ‘आर्बेटर फ्रायंट’, म्हणजे ‘कामगारमित्र’, या यिडिश पत्राचे संपादन हाती घेतले. परक्यांच्या भाषेत एका तिसऱ्याच परक्याने पत्र चालवावे, ही घटना विरळाच.

१९०६ मध्ये ज्युबिली स्ट्रीटवर या मंडळींनी एक क्लब उघडला. आठशे माणसे बसतील असे सभागृह, वाचनालय, अभ्यासवर्ग आणि इंग्रजीची शिकवणी. सभासद नसलेल्यालाही वाचनालयात बसता येई. बारा तास सुई चालवून आलेला माणूस तेथे रॉकरच्या तोंडून साहित्यावर व्याख्यान ऐके. जवळच व्हाइटचॅपलचे सार्वजनिक ग्रंथालय १८९२ पासून चालू होते. थंडीत ऊब मिळावी म्हणून आत शिरलेली निर्वासितांची मुले तेथे वाचू लागली आणि त्यांतून कवी, चित्रकार, विद्वान निपजले. वाचनाने पोट भरत नाही हे खरे. पण आपल्यासारखे दुसरेही आहेत, आणि आपले दुःख हे नशिबाचे नसून व्यवस्थेचे आहे, एवढे तर वाचनाने कळते. संघटनेचा आरंभ त्या कळण्यात असतो.

त्याची कसोटी १९१२ मध्ये लागली. लंडनच्या पश्चिम भागात, श्रीमंतांचे कपडे शिवणारे सुमारे दीड हजार कुशल शिंपी एप्रिलच्या अखेरीस संपावर गेले. हे बहुतेक ज्यू नव्हते. मालकांना चिंता वाटली नाही. तेच कपडे पूर्वेकडच्या छोट्या कारखान्यांत गुपचूप शिवून मिळतील असा त्यांचा हिशेब होता. निर्वासित हा संपफोड्या, हा जुना आरोप खरा ठरण्याची ती वेळ होती. रॉकरने आपल्या पत्रातून हाक दिली. मे महिन्यात भरलेल्या सभेला आठ हजारांवर माणसे आली. इंग्रज सहकाऱ्यांच्या पाठिंब्यासाठी आणि स्वतःच्याही मागण्यांसाठी संप करावा असे ठरले. दोन दिवसांत तेरा हजार शिंपी बाहेर पडले. संपनिधी जवळजवळ नव्हताच. बेकरी कामगारांनी पाव दिला, यिडिश नाटक मंडळ्यांनी मदतीचे प्रयोग लावले. तीन आठवड्यांनी मालक नमले. तास कमी झाले, नगावरची मजुरी गेली, कामाच्या जागा सुधारण्याचे आणि संघटित कामगारच घेण्याचे मान्य झाले.

मे महिन्यातच लंडनचे गोदीकामगारही संपावर होते. दोन्ही संपांच्या संयुक्त सभा भरल्या. शिंपी जिंकून कामावर गेले. गोदीकामगारांचा लढा मात्र रेंगाळला. निधी आटला, गोदीच्या वस्तीत मुले उपाशी राहू लागली. तेव्हा ज्यू संघटनांनी प्रस्ताव मांडला, की संपकऱ्यांची मुले आमच्या घरी ठेवावीत. मिली आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी व्यवस्था पाहिली. तीनशेहून अधिक मुले ज्यू कुटुंबांत राहायला गेली. कित्येकांच्या पायांत जोडे नव्हते, अंगावर धड कपडे नव्हते. शिंप्यांनी आणि दुकानदारांनी त्यांना कपडे आणि जोडे दिले. जी घरे स्वतः एकदोन खोल्यांची, त्यांनी हे केले.

गोदीकामगार तो संप हरले. इतिहासाच्या पुस्तकांत तो पराभव म्हणूनच नोंदला आहे. पण गोदीतल्या आयरिश कॅथलिक घरातले पोर ज्याच्या घरी जेवले, त्या माणसाविषयी त्या घरात काय बोलले जाते याचा विचार करावा. १८८९ मध्ये दिलेल्या शंभर पौंडांची ही परतफेड नव्हती; कोणी तसा हिशेब मांडलाही नाही. वाटेकरी म्हणून पाहिलेला माणूस सोबती झाला तो असा, ताटावर.

पुढे महायुद्ध आले. रॉकरला १९१४ मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले, आणि १९१८ मध्ये देशाबाहेर काढण्यात आले. पत्र बंद पडले, क्लबही मिटला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच रॉकर आणि मिली यांना जर्मनीतूनही पळावे लागले. ज्याने निर्वासितांना संघटित केले तो दुसऱ्यांदा निर्वासित झाला आणि १९५८ मध्ये अमेरिकेत वारला.

ईस्ट एंडमध्ये मात्र पेरलेले उगवले. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी ऑस्वाल्ड मोस्लीच्या काळ्या डगल्यांच्या फॅसिस्टांनी ज्यू वस्तीतून संचलन करायचे ठरवले. त्यांना वाट मोकळी करून द्यायला हजारो पोलीस होते. केबल स्ट्रीटवर लोकांनी अडथळे रचले. एका टोकाला ज्यू, दुसऱ्या टोकाला आयरिश गोदीकामगार. आणि दोघे मिळून उभे राहिले. संचलन मागे फिरवावे लागले. १९१२ मध्ये आठ वर्षांचे असलेले मूल त्या दिवशी बत्तीस वर्षांचे होते.

येथे थांबले असते तर व्याख्यान गोड झाले असते. पण इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर पुढचे पानही उलटले पाहिजे. १९६८ च्या आरंभी केनियातून भारतीय वंशाचे लोक ब्रिटनमध्ये येऊ लागले होते. आफ्रिकेतील नव्या राष्ट्रांत त्यांचे पाय उखडले होते आणि हातात ब्रिटिश पारपत्र होते. त्यांच्यावर निर्बंध घालणारा कायदा मार्चमध्ये घाईघाईने झाला. २० एप्रिलला एनॉक पॉवेल यांचे परकीयांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण झाले, आणि तीनच दिवसांनी लंडनचे सुमारे हजार गोदीकामगार पॉवेल यांच्या पाठिंब्यासाठी पार्लमेंटवर चालून गेले. टिलेट यांची गोदी, केबल स्ट्रीटची गोदी, ती हीच. बंधुभाव वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने मिळवावा लागतो, हे त्या दिवशी दिसले.

तो पुन्हा मिळवून देणारी स्त्री बडोद्याजवळची होती. खेडा भागातील धर्मज हे जयाबेन देसाई यांचे गाव. विवाहानंतर टांझानिया आणि तेथून इंग्लंड, असा त्यांचा प्रवास. लंडनच्या वायव्येस विल्सडेन भागात ग्रनविक नावाच्या फोटो धुण्याच्या कारखान्यात त्या कामाला होत्या. तेथल्या बऱ्याच स्त्रिया पूर्व आफ्रिकेतून आलेल्या. काही घरांनी १९७२ मध्ये इदी अमीनने केलेली युगांडातील हकालपट्टी भोगलेली. ऑगस्ट १९७६ मध्ये सक्तीच्या जादा कामावरून खटका उडाला आणि जयाबेन बाहेर पडल्या. सव्वाशेहून अधिक माणसे संपात उतरली. संघटना करण्याचा हक्क, एवढीच मुख्य मागणी.

साडी नेसलेल्या, अंगचणीने लहानखुऱ्या अशा या बाई कारखान्याच्या दारात थंडीपावसात उभ्या राहिल्या. क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कारखान्याचे टपाल हाताळण्यास नकार दिला. यॉर्कशरचे खाणकामगार पाठिंब्यासाठी आले. आणि ११ जुलै १९७७ च्या प्रचंड निदर्शनात लंडनच्या रॉयल डॉक्सचे गोदीकामगार आपला फलक घेऊन सामील झाले. ज्यांच्या येण्याविरुद्ध ते नऊ वर्षांपूर्वी चालून गेले होते, त्याच लोकांच्या मागे आता ते चालत होते.

हा संपही हरला. चौकशी मंडळाने कामगारांना परत घ्यावे अशी शिफारस केली, ती मालकाने मानली नाही. पुढे मध्यवर्ती परिषदेने हात आखडता घेतला, तेव्हा जयाबेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये परिषदेच्याच दारात उपोषण केले. जुलै १९७८ मध्ये संप मागे घ्यावा लागला. २०१० मध्ये जयाबेन निवर्तल्या. त्यांच्या लढ्याने ब्रिटिश संघटनांची एक भ्रामक समजूत मात्र कायमची मोडली, की परदेशातून आलेली स्त्री ही संघटनेच्या उपयोगाची नाही.

या नव्वद वर्षांतून काय निष्पन्न होते? एक तर कामगाराचे भय खोटे ठरवून भागत नाही. दर पाडले जातात, घरे अपुरी पडतात, हे खरे असते. प्रश्न असतो तो दर पाडणारा कोण हे ओळखण्याचा. १८९५ च्या पुस्तिकेने तेच विचारले होते. दुसरे असे, की निर्वासितांच्या बाजूने झालेला नुसता ठराव टिकत नाही. परक्याने संपात उतरून दाखवले आणि स्थानिकाने निधीत हात घातला, तेव्हाच तो टिकला. आणि तिसरे म्हणजे ही जुळणी कायमची नसते. १९३६ नंतर १९६८ येते. पण १९६८ नंतर १९७७ ही येऊ शकते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे या शहराने पाहिली आहेत. त्याच्याही आधी मराठी माणूस येथे बाहेरून आला आणि गुजराती शेजाऱ्याच्या सोबतीने येथला झाला. आपली भाषा राखावी आणि शेजाऱ्याच्या सुखदुःखात उभे राहावे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. ज्युबिली स्ट्रीटच्या वाचनालयात बसणाऱ्या शिंप्यांना हे ठाऊक होते. ते वाचनालय आठ वर्षे चालले. हे शंभर वर्षे चालले आहे.